पॉइंट टू-टू: मुंबईतल्या जुन्या नेमबाजी रायफली आणि त्यांची काडतुसे

पॉइंट टू-टू (.२२) रायफलीचे काडतूस इतके लहान असते, की पन्नास काडतुसांची पेटी तळहातावर मावते. पितळी नळकांडीच्या बुडाशी बाहेर काढलेली कड असते. ती आतून पोकळ असते आणि ठिणगी पाडणारे मिश्रण तिच्यातच भरलेले असते. रायफलीची पिन कडेवर आपटली की कड चेपते, मिश्रण पेटते आणि त्याच्या जाळाने आतली दारू पेट घेते. कडेवर घाव घालून उडते म्हणून हे काडतूस रिमफायर. मोठ्या रायफलींच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी असते. ती उडाली की नवी बसवून, दारू आणि गोळी भरून तेच नळकांडे पुन्हा वापरता येते. रिमफायरला ती सोय नाही. कारखान्याने जे भरले तेच नेमबाजाच्या वाट्याला येते. जुन्या रायफलीला काडतूस जुळवण्याचा सगळा खटाटोप या एका गोष्टीतून निघाला आहे.

या जातीचे पहिले काडतूस पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेरने १८४५च्या सुमारास केले. घरातल्या दिवाणखान्यात नेम धरण्याच्या खेळासाठी ते होते आणि त्यात ठिणगीच्या मिश्रणाखेरीज वेगळी दारूही नव्हती. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने .२२ शॉर्ट आणले. आज जगभर वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने तयार केले. त्याची शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची. त्यानंतर दारू बदलली, कडेतले मिश्रण बदलले, पण नळकांड्याची मापे आणि गोळीचे वजन जवळपास तेच राहिले. त्यामुळेच शंभर वर्षांपूर्वीच्या रायफलीत आजचे काडतूस बसते. इतक्या जुन्या यंत्राला अजून कारखान्यातून ताजा खुराक मिळतो, अशी उदाहरणे थोडीच.

मुंबईत रायफलीचा सराव सुरू झाला तो गोऱ्यांच्या स्वयंसेवक पलटणींतून. बॉम्बे व्हॉलंटिअर रायफल्स आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व्हॉलंटिअर रायफल्स ही त्यांतली ठळक नावे. जीआयपी रेल्वेचा परळचा कारखाना १८७९चा. रेल्वेच्या पलटणीत भरती होती ती कंपनीच्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांची. त्याच कारखान्यात लोखंड तासणाऱ्या आणि बॉयलर जोडणाऱ्या मराठी कामगाराला बंदूक हाती धरायची तर वेगळा परवाना हवा होता. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर ही अट घातली आणि गोऱ्यांना तिच्यातून सूट दिली. काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार केली. हा भेद पुढे कागदावरून गेला, परवान्याची अट मात्र राहिली. मुंबईत बंदुका दुरुस्त करणारे हात होते, पण खेळ म्हणून त्या चालवण्याची मुभा फार थोड्यांना होती. या शहरातला नेमबाजीचा इतिहास असा उशिरा आणि अपुरा का, याचे मोठे कारण हेच.

लहान काडतुसाने सराव करण्याची कल्पना लष्करातून आली. १८८०च्या दशकात ब्रिटिश सैन्यात मॉरिस ट्यूब आली. मोठ्या रायफलीच्या नळीत बारीक नळी घालून लहान काडतूस उडवायचे, म्हणजे खर्च कमी आणि लांबलचक मैदानाचीही गरज नाही. पण .२२ला खरे महत्त्व आले ते बोअर युद्धाने. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लांबून अचूक गोळ्या घालून ब्रिटिश शिपायांना हैराण केले, तेव्हा आपल्या माणसांना नेम धरता येत नाही याची इंग्लंडला जाणीव झाली. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. गावोगावी तळघरांत आणि चर्चच्या हॉलमध्ये २५ यार्डांवर नेम धरणे सुरू झाले. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लहान नळीच्या रायफलीच्या वेगळ्या स्पर्धा झाल्या.

या क्लबांसाठी स्वस्त पण अचूक रायफल हवी होती. ती बर्मिंगहॅमच्या बीएसएने दिली. मराठी वाचकाला बीएसए म्हटले की सायकल आठवते, आणि ते चूक नाही. १८६१ मध्ये बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी पुढे सायकलींत आणि मोटरसायकलींत शिरली. तिचे चिन्ह मात्र एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे राहिले. तिच्या .२२ रायफलीची रचना उसनी घेतलेली होती. १८६२ मध्ये हेन्री पीबॉडी या अमेरिकनाने पेटंट घेतलेली यंत्रणा स्विस कारखानदार फ्रीड्रिख फॉन मार्टिनीने सुधारली. ती ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफलीत घेतली. बीएसएने तिलाच लहान करून .२२साठी वापरले. रायफलीखालचा दांडा खाली ओढला की मागच्या टोकाला बिजागरीने अडकवलेला पोलादी ठोकळा पुढून खाली झुकतो आणि नळीचे तोंड उघडते. काडतूस आत सरकवायचे, दांडा वर घ्यायचा. ठोकळा नळी बंद करतो आणि पिनची स्प्रिंगही ताणली जाते. एका वेळी एकच गोळी. शिकारीला हे गैरसोयीचे, पण नेमबाजाला घाई कसली? चाप ओढल्यापासून पिन आपटेपर्यंतचा वेळ या यंत्रणेत फार कमी असतो, आणि तेवढ्या वेळात नेम हलायला वाव राहत नाही. बीएसएचे बारा नंबर, पंधरा नंबर, बारा-पंधरा हे नमुने आणि १९५० मध्ये सुरू झालेली मार्टिनी इंटरनॅशनल मालिका साम्राज्यभर पसरली.

हिंदी विद्यार्थ्यांच्या हाती .२२ आली ती युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअरमधून आणि १९४८ नंतर एनसीसीतून. एनसीसीची नंबर टू मार्क फोर ही मुळात लष्कराच्या .३०३ रायफलीचा अवतार: तोच धिप्पाड दस्ता, तोच बोल्ट, नळी तेवढी बारीक. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याची हलकी डिलक्स आली. पुल थ्रू नावाच्या दोरीला चिंधी अडकवून नळीतून ओढायची, २५ यार्डांवर पालथे पडून पाच गोळ्यांचा ग्रुप काढायचा, ही शिकवण महाराष्ट्रातल्या लाखो मुलामुलींना मिळाली. बहुतेकांची नेमबाजी तिथेच संपली. ज्यांची संपली नाही, त्यांत दादरच्या कीर्ती महाविद्यालयातून एनसीसीत आलेल्या अंजली वेदपाठक होत्या. अंजली भागवत म्हणून त्या २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेल्या आणि २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके घेतली.

खेळाला संघटनेचे रूप देण्यातही मराठी नाव पुढे आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते दादासाहेब, म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद; पुढच्याच वर्षी ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. आज कितीतरी तरुण नेमबाज 'मावळंकर खेळून आलो' असे म्हणतात, आणि हे मावळंकर कोण हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते. मुंबईत या खेळाचे घर झाले ते महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज. परळ, लालबाग, दादर, गिरगाव यांना ती जवळची. परळ-दादरमधल्या हिंदमाता भागापासून वरळी काही किलोमीटरवर, आणि गिरणगावातल्या मध्यमवर्गीय घरातून निघालेल्या मुलीला बसने जाऊन नेम धरून परत येता येईल अशी जागा शहरात दुसरी क्वचितच होती.

रेंज होती, माणसे होती, रायफली नव्हत्या. परकीय चलनाची टंचाई, आयातीचे परवाने आणि शस्त्रनिर्मिती सरकारी कारखान्यांपुरती ठेवण्याचे धोरण या तिहेरी कात्रीत खेळाडू सापडला. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे १९६२चे नियम यांनी परवान्याची चौकट ठरवून दिली. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र मागवणे बंदच झाले. नामांकित नेमबाजांना आणि संघटनांना तेवढी वाट उरली. तिकडे जर्मनीत आन्शुट्झने १९५४ मध्ये मॅच-५४ ही बोल्टची यंत्रणा आणली आणि मार्टिनीचे राज्य संपवले. इकडे मात्र वडिलांच्या किंवा क्लबच्या बीएसएवर नाहीतर चेक ब्रनोवर मुले शिकत राहिली. इंग्लंड-अमेरिकेत जुनी रायफल नीट करणे हा निवृत्त माणसाचा छंद असतो. मुंबईत तो बराच काळ नाइलाज होता, आणि नाइलाजाने केलेल्या कामात जी काटकसर आणि जो चिवटपणा असतो तो इथल्या दुरुस्तीत दिसतो.

या रायफलींचा पहिला शत्रू म्हणजे पाणी. मुंबईचा पाऊस दोन हजार मिलिमीटरांच्या वर. हिंदमाता तर पाणी तुंबण्यासाठीच प्रसिद्ध: बशीसारखा खोलगट भाग, भरतीच्या वेळी उलटे येणारे नाले, कापडाच्या घाऊक दुकानांत गुडघाभर पाणी. प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्या पोटात पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या बांधल्यावर आता ते लवकर ओसरते. पण रायफल गंजायला तुंबलेले पाणी लागत नाही, हवेतला ओलावा पुरतो. शिवाय जुन्या नळ्यांना गंज लागण्याचे मूळ कारण पाऊस नव्हे, काडतूस होते.

१९२०च्या दशकाअखेरपर्यंत .२२च्या कडेतल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी उडाली की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत पातळ थर बसे. हे मीठच, खाण्याच्या मिठाचे भावंड. हवेची आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते आणि पोलादावर खारट पाण्याचा पापुद्रा बसतो. मुंबईत जून ते सप्टेंबर ही आर्द्रता रोजची. नागपूरच्या उन्हाळ्यात हीच रायफल न पुसता आठवडाभर ठेवली तरी कदाचित निभावेल, परळच्या श्रावणात एक रात्र पुरते. आणखी एक गोष्ट साध्याभोळ्या मालकांना ठाऊक नसे: मीठ तेलात विरघळत नाही. त्यावर तेल लावणे म्हणजे मीठ झाकून ठेवणे. जुने शिपाई नळीत उकळते पाणी ओतून, कोरडी चिंधी फिरवून मग तेल लावत, त्यामागचे रसायनशास्त्र हे. जर्मन आरडब्ल्यूएसचे सिनॉक्सिड आणि अमेरिकन रेमिंग्टनचे क्लीनबोअर ही गंज न आणणारी मिश्रणे १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. पण त्याआधीच्या काडतुसांवर पोसलेल्या नळ्यांवर तोवर देवीचे व्रण पडून गेले होते.

अशी रायफल हाती आली की पहिले काम कागदाचे. परवान्यावरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे पाहावे लागते. १९५९च्या कायद्यानुसार ओळखखुणा नसलेले शस्त्र विकता किंवा दुसऱ्याकडे देता येत नाही आणि नळी आखूड करायलाही बंदी आहे. म्हणून हौसेने पॉलिश मारताना क्रमांक घासून टाकणारा मालक चकाकत्या रायफलीसह कोर्टात उभा राहू शकतो. साफसफाई मालकाने करायची. नळी, चेंबर (काडतूस बसते तो भाग) किंवा यंत्रणेचे काम परवानाधारक कारागिराचे.

मग नळी. आधी शिसे काढायचे, कारण शिशाच्या आणि मेणाच्या थराखाली खरी नळी दिसतच नाही. फॉस्फर ब्राँझचा ब्रश, द्रावक आणि भरपूर सबुरी; पोलादी तारेचा ब्रश किंवा काच कागद नाही. साफ झाल्यावर घट्ट बसेल अशी चिंधी सळईवर लावून हळूहळू ढकलायची. हाताला जिथे सैल लागते तिथे नळी फुगलेली किंवा झिजलेली, जिथे खडबडीत लागते तिथे व्रण. डोळ्यापेक्षा इथे हाताचा भरवसा जास्त. मधल्या भागातले थोडे व्रण दिसायला भयंकर असले तरी नेमाला फारसे बाधत नाहीत, फक्त शिसे लवकर धरतात. तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत ते असले तर आशा कमी. चेंबरच्या पुढे, नळीच्या खालच्या बाजूला एक वेगळी झीज सापडते. कडेतल्या मिश्रणात घर्षणासाठी बारीक काचेची भुकटी घालत. हजारो गोळ्यांनंतर ही काच तिथले पोलाद खरवडते.

नळीचे तोंड हा दुसरा नाजूक भाग. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू सर्व बाजूंनी सारखा सुटला पाहिजे. तोंडाच्या कडेवर एक खरचटा असला तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. पुढच्या बाजूने सळई खुपसून साफ केलेल्या क्लबच्या रायफलींत हा दोष हटकून आढळतो. पुल थ्रूची दोरी रोज एकाच बाजूला घासून तिथे खाच पाडते, ते तर एनसीसीच्या रायफलींचे दुखणेच. तोंड नव्याने कापून हे बरे करता येते. लेथवर अर्ध्या तासाचे काम. त्याने कधीकधी संपूर्ण रायफल सुधारते. नळी मुळातच गेली असेल तर तिला पोखरून आत नवी खाचदार नळी बसवतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर घराण्याने हे काम इतके केले की इंग्रजी कॅटलॉगांत त्याला त्यांचेच नाव पडले. मुंबईतल्या काही जुन्या रायफलींच्या नळीच्या तोंडाशी बारकाईने पाहिले तर एकात एक दोन वर्तुळे दिसतात, ती याची खूण.

यंत्रणेत झिजतात ती पिन, स्प्रिंग आणि चेंबरची कड. काडतूस नसताना चाप ओढण्याची सवय रिमफायरला मारक, कारण पिनला अडवायला पितळ नसते. ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. मग काडतूस अर्धवट बसते, बाहेर नीट निघत नाही. मोठ्या स्पर्धेतल्या नेमबाजांना घरी सरावासाठी चाप ओढायचाच असतो; ते उडवलेले रिकामे नळकांडे घालून, दर वेळी थोडे फिरवून तो ओढतात. स्प्रिंग थकली की काडतूस उडते खरे, पण एखादे जोरात, एखादे मिळमिळीत, आणि लक्ष्यावर गोळ्या वरखाली विखुरतात. या विखुरण्याचा दोष काडतुसावर जातो. महागडी काडतुसे बदलण्याआधी पन्नास वर्षांची स्प्रिंग बदलावी, एवढे साधे गणित अनेकांना सुचत नाही.

बीएसएचा दस्ता अक्रोडाचा आणि दोन तुकड्यांचा: मागे बट, पुढे नळीखालचे लाकूड. पुढचे लाकूड स्क्रूने थेट नळीला जोडलेले असते, आणि पावसाळ्यात ते फुगले की नळीला ढकलते. जानेवारीत दहाच्या वर्तुळात जाणारी रायफल जुलैत नऊच्या बाहेर का जाते, याचे उत्तर पुष्कळदा या स्क्रूत असते. उपाय जुनाच. लाकडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागालाही तेल पाजायचे. रंगाऱ्यांकडचे बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, पातळ थरांत, दोन थरांच्या मध्ये पुरते वाळू देऊन. चकचकीत व्हार्निश टाळलेले बरे; ते वरून सुंदर दिसते आणि तडा गेला की आत पाणी कोंडते. बंद चामडी खोळीत रायफल ठेवणे ही आणखी एक जुनी चूक. चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला देते. उघड्या स्टँडवर, बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेली रायफल पावसाळा काढते. पुड्या मात्र अधूनमधून तापवून सुकवाव्या लागतात.

रायफल नीट झाली की काडतुसांचा प्रश्न येतो, आणि तिथे डोळे उघडतात. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १९८९पासून १०.४ मिलिमीटर व्यासाचे आहे. त्याआधी ते १२.४ होते. गोळीचा स्वतःचा व्यास ५.६ मिलिमीटर. एवढ्या अंतराला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटीमीटर खाली पडते. सगळ्या गोळ्या सारख्याच पडत असतील तर बिघडत नाही. साइट तेवढी वर लावली की झाले. पण एक गोळी सेकंदाला फक्त दहा मीटरने हळू निघाली, तर ती सात-आठ मिलिमीटर आणखी खाली लागते. दहाचे वर्तुळच मुळी दहा मिलिमीटरचे. म्हणजे नेमबाजाने काही चूक न करता गुण जाऊ शकतो. चांगल्या काडतुसाची किंमत वेगासाठी नसते, वेगाच्या सारखेपणासाठी असते.

वेग किती, यालाही मर्यादा आहे. मॅचची काडतुसे सेकंदाला ३२० ते ३३५ मीटरच्या आसपास ठेवलेली असतात, म्हणजे आवाजाच्या वेगाखाली. हाय व्हेलॉसिटी काडतूस आवाजाच्या वर निघते आणि लक्ष्यापर्यंत जाताना त्या सीमेतून खाली येते. तिथे गोळी डळमळते. वाऱ्याचाही उलटा न्याय: वेगवान गोळीला वारा कमी ढकलेल असे वाटते, प्रत्यक्षात हवेच्या विरोधाने ती जास्त वेग गमावते आणि जास्त वाहते. मंद मॅच गोळी ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात पन्नास मीटरवर अडीच सेंटीमीटरच्या आसपास सरकते. वरळीसारख्या समुद्रकाठच्या भागात दुपारनंतर एवढा वारा नेहमीचाच. उष्णतेने मात्र मुंबईवर एक उपकार केला आहे. शून्य अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, तीस अंशाला तो ३४९. युरोपच्या हिवाळ्यात ३३० मीटरने निघणारी गोळी आवाजाच्या सीमेला अगदी खेटून असते, मुंबईत तिच्यात आणि सीमेत चांगले अंतर राहते. तोटा एवढाच की गोळीवरचे मेण आणि चरबी उन्हात मऊ होते. गाडीच्या डिकीत तापलेली पेटी स्पर्धेला वापरू नये.

कोणत्या कंपनीची काडतुसे घ्यावीत हा नवख्याचा प्रश्न. जाणता कोणत्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या कोणत्या खेपेची, हे विचारतो. इंग्लंडच्या एलीचे टेनेक्स, जर्मनीच्या आरडब्ल्यूएसचे आर-५०, फिनलंडच्या लापुआची उंची काडतुसे, सगळीच उत्तम; पण एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात, आणि एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या नळीला रुचेलच असे नाही. नळीच्या खाचांची खोली, चेंबरची ढिलाई, खाचांचा पीळ (बहुधा १६ इंचांत एक फेरा), गोळीच्या शिशाचा मऊपणा, मेणाची जात असे कितीतरी बारीक घटक यात असतात आणि त्यांचा हिशेब आधी मांडता येत नाही. म्हणून कंपन्यांकडे नळी शिकंज्यात पकडून लॉट तपासण्याची सोय असते; वरच्या पातळीचे नेमबाज आपली रायफल तिथे नेतात आणि जमलेला लॉट वर्षभरासाठी राखून ठेवतात.

मुंबईच्या क्लबमध्ये हे शक्य नसे. तिथे उलट होते: काडतुसे जी येतील ती. संघटनेमार्फत आलेला साठा, प्रत्येकाचा ठरलेला कोटा, आणि सरावासाठी सरकारी कारखान्याचे स्वस्त काडतूस. अशा वेळी करता येण्याजोगी चाचणी साधी आहे. नळी साफ करून प्रत्येक नव्या काडतुसाच्या दहा-बारा गोळ्या आधी नुसत्या उडवायच्या, म्हणजे आधीच्या काडतुसाचे मेण निघून नव्याचा थर बसतो. मग टेकूवरून पन्नास मीटरला दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप काहीच सिद्ध करत नाही. तो खिशात घालून मिरवायला बरा. सर्वांत घट्ट ग्रुपपेक्षा सर्वांत ढिला ग्रुप कोणाचा लहान, ते पाहायचे. स्पर्धेत गुण घालवणारी गोळी त्या ढिल्या ग्रुपमधलीच असते. स्वस्त काडतुसांत कडेची जाडी मापून एकसारखी वेगळी काढण्याचा उद्योग पुष्कळ जण करतात. कड जाड-पातळ असली की पिनचा घाव कमी-जास्त बसतो, त्यामुळे साध्या काडतुसांत याचा थोडा फायदा दिसतो. मॅचच्या काडतुसांत तो वेळ वाया जातो, कारण कारखान्याने ती निवड आधीच केलेली असते.

जुन्या बीएसएच्या बाबतीत अनुभव असा, की ती अतिमहाग काडतुसांना तितकी दाद देत नाही. मधल्या प्रतीच्या, मंद वेगाच्या काडतुसाचा जमलेला लॉट तिला पुरतो. झिजलेल्या चेंबरमध्ये टेनेक्स घालणे म्हणजे पैशाची उधळण. नव्या मॅच रायफलींचे चेंबर इतके घट्ट असते की काडतूस बसवतानाच गोळीवर नळीच्या खाचा उमटतात. तिथे मात्र लॉटचा फरक लख्ख दिसतो.

त्या पातळीवरच्या रायफली आणि काडतुसे महाराष्ट्राच्या नेमबाजांना मिळू लागली ती आयातीचे नियम खेळाडूंसाठी सैल झाल्यावर, रेल्वे आणि पोलीस यांसारख्या खात्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्यावर आणि १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडीचे क्रीडा संकुल उभे राहिल्यावर. मग फळ दिसू लागले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून) ६०० पैकी ५९७ गुण घेऊन सुवर्णपदक जिंकले. जागतिक विजेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला नेमबाज. वरळीच्या परंपरेतल्या दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये उतरल्या होत्या. त्यांनी घडवलेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. १९व्या शतकात रेल्वेच्या रायफल पलटणीत ज्याला जागा मिळाली नसती, अशा घरातला हा मुलगा.

जुन्या मार्टिनी आता स्पर्धेत दिसत नाहीत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा अनेक घरांत ठेवायचे कोणते आणि सोडायचे कोणते हा प्रश्न उभा राहिला, आणि बहुधा .२२च सोडली गेली. मालक वारल्यावर वारसाने परवाना घेतला नाही तर रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ठाण्याच्या कोठारात तिला तेल कोण लावणार? चालू परवान्यावर असलेल्या, नळी शाबूत असलेल्या रायफलीच तेवढ्या दुरुस्तीच्या लायकीच्या उरल्या आहेत, आणि नव्या मुलाला पालथे पडून श्वास धरायला शिकवण्याचे त्यांचे काम अजून चालते.